नत्राची शिल्लक

काचेच्या पेटीत समुद्र ठेवायचा म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी रंग उभे राहतात. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेला क्लाऊन मासा, पाण्याच्या ओढीबरोबर डोलणारी मऊ प्रवाळे, वरून झिरपणारा निळसर उजेड. हौशी माणूस दुकानाची पायरी चढतो ती हे रंग पाहून. आणि वर्ष-सहा महिन्यांनी तोच माणूस त्याच दुकानात पुन्हा येतो, तो रंग नसलेल्या, वास नसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पदार्थाची तक्रार घेऊन. त्या पदार्थाचे नाव नायट्रेट.

आपल्या शेतकऱ्याला हा पदार्थ परका नाही. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असे तीन आकडे छापलेले असतात, त्यांतला पहिला आकडा याच कुळातला. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा म्हणजेही नायट्रेटच. बिहारातला सोरा ईस्ट इंडिया कंपनी जहाजे भरून नेत असे. १८७९ साली चिली, पेरू आणि बोलिव्हिया या तीन देशांत युद्ध पेटले, त्याच्या मुळाशी अटाकामाच्या वाळवंटातले नायट्रेटचे साठे होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हाबर आणि बॉश या दोघा जर्मनांनी हवेतले नत्र बांधून अमोनिया करण्याची रीत बसवली, तेव्हा कुठे जगाची नत्राची भूक वाळवंटावर अवलंबून राहिली नाही. ज्याच्यासाठी माणसांनी लढाया केल्या तोच पदार्थ दिवाणखान्यातल्या पेटीत फुकट तयार होतो, आणि तो घालवायचा कसा म्हणून माणसे पैसे मोजतात. जमिनीतले धन पेटीत ऋण होऊन बसते.

ते कसे तयार होते हे समजून घेण्यासारखे आहे. मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. न खाल्लेले अन्न तळाशी कुजते, त्याचाही अमोनियाच होतो. अमोनिया माशाला जहाल विष. पण पेटीतल्या वाळूवर, खडकांवर, पंपाच्या नळीच्या आतल्या बाजूवरसुद्धा सूक्ष्म जीवांची वस्ती असते. त्यांतला एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास झुरिकमध्ये हे जीव वेगळे काढून दाखवले, आणि पुढची शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत दोन जिवाणूंची दोन नावे ठरून गेली. पण १९९८ साली मत्स्यपेट्यांच्याच पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले, की नायट्राइटचे काम पुस्तकातला नायट्रोबॅक्टर करत नसून नायट्रोस्पायरा नावाचा वेगळाच गडी करतो आहे. २००५ साली त्याहून मोठे नवल घडले. अमेरिकेतल्या सिअॅटल शहराच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका उष्ण कटिबंधीय टाकीच्या खड्यांतून शास्त्रज्ञांनी एक जीव वाढवला. तो जिवाणू नव्हताच. आर्किया या अगदी निराळ्या प्राचीन कुळातला होता, आणि अमोनियावर जगत होता. त्याचे नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. त्याचे भाऊबंद जगभरच्या समुद्रांत अफाट संख्येने आहेत हे नंतर कळत गेले. एवढ्या मोठ्या समुद्रातला हा रहिवासी माणसाच्या हाती प्रथम लागला तो काचेच्या टाकीतल्या खड्यांत.

ही सगळी मंडळी इमानेइतबारे काम करतात, आणि त्यांच्या कामाचा शेवट नायट्रेटवर होतो. नायट्रेट अमोनियासारखे तत्काळ मारत नाही. म्हणूनच ते साचते. पुढची पायरी, म्हणजे नायट्रेट मोडून नत्र पुन्हा हवेत सोडण्याची, जमते ती जिथे प्राणवायू पोचत नाही अशा जागी राहणाऱ्या जिवाणूंना. खडकाच्या पोटात, जाड वाळूच्या खालच्या थरात. बहुतेक घरगुती पेट्यांत अशी जागा थोडी आणि येणारा माल फार. बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला हे चित्र लगेच ओळखू आले. जमेच्या खिडकीवर चार कारकून आणि नावेच्या खिडकीवर एक, तोही अर्ध्या दिवसापुरता.

आता प्रवाळांचे पाहा. ज्या समुद्रात प्रवाळभित्ती उभ्या राहतात तिथले पाणी अन्नद्रव्यांच्या बाबतीत अगदी दरिद्री असते. नायट्रेटचे प्रमाण दर लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली. इतक्या गरीब पाण्यात इतकी श्रीमंत वस्ती कशी, या कोड्याला शास्त्रज्ञ डार्विनचा विरोधाभास म्हणतात. उत्तर काटकसरीत आहे. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर साखर करते, तीतला मोठा वाटा यजमानाला देते आणि यजमानाने टाकलेले नत्र स्वतः वापरते. एका घरातला कचरा शेजारच्या घरात सोन्यासारखा जपला जातो. अशा घरात नायट्रेटचा पूर आला की शैवाल स्वतःचीच वाढ करू लागते, यजमानाचा वाटा घटतो, प्रवाळाचा रंग तपकिरी पडतो. बाहेर खडकांवर केसाळ शेवाळ माजते आणि प्रवाळाचा उजेड अडवते. मासे मात्र पोहत राहतात. म्हणून दुखणे लवकर ध्यानात येत नाही.

मी या विषयात पडलो तो हौसेने नव्हे. माझा भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि ठाण्याच्या घरात माझी थोरली बहीण आणि त्याची चार फुटी पेटी अशा दोघी मागे राहिल्या. पेटीत पाणी ३०० लिटर, मासे सहा, आणि एक भलेथोरले लेदर कोरल. चामड्यासारखे दिसते म्हणून हे नाव. ते भाच्याने कॉलेजात असताना अंगठ्याएवढे आणले होते; नऊ वर्षांत ते पसरट थाळीएवढे झाले. इथे एक खुलासा करायला हवा. आपल्या देशात कठीण प्रवाळे, ज्यांच्यापासून प्रवाळभित्ती बनते ती, २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहेत. मालवणच्या समुद्रातून ती उचलून आणणे हा गुन्हा आहे. भाच्याच्या पेटीत म्हणूनच सगळी मऊ प्रवाळे होती आणि खडक माणसाने बनवलेले.

मागच्या वर्षी मार्चमध्ये ताईचा फोन आला. कोरल तीन आठवडे फुललेले नव्हते. एरवी दिवसा त्याच्या पाठीवर शेकडो बारीक फुलोरे उघडतात. आता ती थाळी आक्रसून, मेणचट होऊन बसली होती. काच पुसली की दोन दिवसांत हिरवी होत होती. दुकानातून दर रविवारी पाणी बदलायला येणाऱ्या मुलाने दोन पर्याय दिले होते. एक, हजारभर रुपयांची औषधाची बाटली. दोन, पेटी विकून टाका, आजीबाई, या वयात कशाला हा व्याप. ताई म्हणाली, "अरे, विकायला काही नाही, पण संध्याकाळी घरात दिवा लावावा तसा तो उजेड असतो. तो गेला की मी कुणाकडे बघत बसू?"

बदली होऊन नव्या शाखेत गेले की आम्ही पहिल्या दिवशी चार्ज घेत असू. आधीच्या माणसाने काय सांगितले ते बाजूला ठेवून रोकड स्वतः मोजायची. मी तेच केले. भाच्याच्या कपाटात नायट्रेट तपासण्याचे किट होते. पेटीतले मोजके पाणी नळीत घ्यायचे, दोन द्रव्ये घालायची आणि आलेला रंग पुठ्ठ्यावरच्या रंगांशी जुळवायचा. या किटांत एक मेख असते. काही किटांतली भुकटी बाटलीच्या तळाशी बसते, ती मन लावून हलवली नाही तर आकडा खोटा, बहुधा कमी येतो. आणि काही किटे नायट्रेट मोजत नाहीत, नायट्रेटमधले नुसते नत्र मोजतात; त्या आकड्याला ४.४ने गुणावे लागते. दोन हौशी माणसे आपापले आकडे सांगून वाद घालतात तेव्हा एक रुपयांत आणि दुसरा डॉलरांत बोलत असण्याची शक्यता असते. आमचे किट नायट्रेटचे होते. रंग आला तो ५० आणि १००च्या मधला.

मग नळाचे पाणी तपासले. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, आणि विदर्भातल्या कितीतरी विहिरी ती मर्यादाही ओलांडतात. म्हणजे माणसाला पाजायला योग्य असलेले पाणी पेटीत ओतले तर पहिल्याच दिवशी समुद्राच्या शंभरपट नायट्रेट असू शकते. म्हणून मिठाचे पाणी करायचे ते आरओ यंत्रातून काढलेल्या पाण्याचे. ताईकडच्या त्या पाण्यात नायट्रेटचा रंग उमटला नाही. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता.

राहिले खाद्य. त्याच्या डब्यावर प्रथिनांचे प्रमाण ४५ टक्के छापलेले होते. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असते. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ७२ मिलिग्रॅम नत्र. त्याचे नायट्रेट होताना प्राणवायू जोडला जाऊन वजन ४.४ पट होते, सुमारे ३२० मिलिग्रॅम. हे ३०० लिटरमध्ये पसरले की दर लिटरला १ मिलिग्रॅमहून थोडे जास्त. थोडक्यात, त्या पेटीत १ ग्रॅम खाद्य घातले की नायट्रेटचा आकडा एकाने वाढणार. माशांच्या वाढीत थोडे मुरते, फेसावर मळ काढणारे स्किमर नावाचे यंत्र थोडे ओढून घेते. पण अंदाजाला हा हिशेब पुरे.

ताई किती घालते ते विचारले. "चिमूटभर," ती म्हणाली. किती वेळा? सकाळी चहाच्या वेळी, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री मालिका संपल्यावर. तिन्ही चिमटी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर एकत्र तोलल्या. १ ग्रॅम भरला. भाचा असताना एकच चिमूट पडत असे.

दिवसाला १, म्हणजे आठवड्याला ७. रविवारी मुलगा येऊन एकदशांश पाणी बदलतो, म्हणजे असलेल्या नायट्रेटपैकी एकदशांश जाते. सुरुवातीला शिल्लक थोडी असते तेव्हा जाणारेही थोडेच. शिल्लक वाढते तसे जाणारेही वाढते. जमा आणि नावे यांचा मेळ बसतो तो जिथे शिल्लकेचा एकदशांश बरोबर ७ होतो तिथे. म्हणजे ७०वर. तुम्ही कितीही वर्षे दर रविवारी नेमाने एकदशांश पाणी बदला, आकडा ७०ला जाऊन बसणार आणि तिथून हलणार नाही. पुठ्ठ्यावरचा रंग तेच सांगत होता. बाटलीतल्या औषधाने चार दिवस तो उतरला असता आणि पुन्हा त्याच जागी आला असता, कारण हप्ता आणि उचल दोन्ही तशाच राहिल्या असत्या.

आकडे कागदावर मांडणे सोपे. ते ताईला सांगणे अवघड होते. "सहा जीव आहेत, आणि त्यांना दिवसातून एकदा जेवायला घालायचं?" ती म्हणाली. "तो रोज फोनवर पहिलं हेच विचारतो, आई, मासे जेवले का. मी काय सांगू, एकदाच जेवले म्हणून?"

ज्या बाईने चाळीस वर्षे पानात वाढताना कुणाचे नको ऐकले नाही, तिला थोडे घाल असे सांगणे म्हणजे तिच्या आतिथ्यावर बोट ठेवणे. माशाचे शरीर थंड रक्ताचे, त्याला आपल्यासारखी अंगाची ऊब राखायची नसते, म्हणून त्याला वजनाच्या मानाने फार कमी लागते, हे मी सांगितले. ते तिने ऐकून घेतले, पटले नाही. तिचे पेटीपाशी जाणे हा प्रश्न खाद्याचा नव्हता, हे माझ्या ध्यानात आले. दिवसातून तीन वेळा तिला तिथे जायचे होते. मग आम्ही वेळा तिन्ही तशाच ठेवल्या आणि कामे बदलली. सकाळी खाद्य, एक चिमूट, तीही दोन मिनिटांत संपेल अशी. दुपारी पाण्याची पातळी पाहायची. वाफ होऊन पाणी उडते पण मीठ मागे राहते, म्हणून कमी झालेले पाणी बिनमिठाचे, तांब्या-तांब्याने भरायचे. रात्री काच पुसायची आणि स्किमरच्या पेल्यातला काळा मळ ओतून पेला धुवायचा. फोनवर सांगायला पूर्वीपेक्षा जास्त मजकूर झाला.

आता साचलेली शिल्लक उतरवायची. एका दिवसात पाऊणहिस्सा पाणी बदलले तर आकडा झटक्यात उतरेल, पण महिनोन्महिने एका पाण्याला सरावलेले प्रवाळ त्या धक्क्याने मरू शकते. क्षारता, आम्लता, तापमान सगळेच एका वेळी हलते. आम्ही दर रविवारी एकपंचमांश, म्हणजे ६० लिटर बदलायचे ठरवले. लिटरला ३५ ग्रॅम प्रमाणे मीठ सव्वादोन किलोच्या आत. आदल्या रात्री पाण्यात विरघळवून, पंप लावून ढवळत ठेवायचे, पेटीइतके गरम करायचे आणि मगच घालायचे. खाद्य एकतृतीयांश झाल्यामुळे आठवड्याची आवक आता अडीच. कागदावर हिशेब असा पडला: ७०चे पहिल्या रविवारी ५८, मग ४८, मग ४१, दोन महिन्यांनी २०, चार महिन्यांनी १२. आणि शेवटी बदलानंतरचा आकडा १०वर स्थिर. ताईने कालनिर्णयाच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहितात तसा रविवारच्या चौकोनात नायट्रेटचा आकडा लिहायला सुरुवात केली. दूध निळ्या शाईत, नायट्रेट तांबड्या.

जोडीला जुने गाळण साफ केले. गाळणीतला स्पंज दोन आठवडे तसाच राहिला तर त्यात अडकलेला मळ तिथेच कुजून नायट्रेट होतो. पाण्यातून मळ बाजूला काढला असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात तो नुसता खोली बदलतो. स्पंज दर तीन दिवसांनी पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. त्या गाळणीत प्लॅस्टिकचे काटेरी गोळेही होते. यांचा इतिहास मजेदार आहे. १९८६ साली जॉर्ज स्मिट याने अमेरिकन मासिकातून गोळ्यांवर पाणी ठिबकवणाऱ्या गाळण्या लोकप्रिय केल्या. भरपूर हवा मिळाल्याने अमोनियाचा निकाल तिथे फार झपाट्याने लागे, आणि तितक्याच झपाट्याने नायट्रेट तयार होई; नायट्रेट मोडायला प्राणवायूविना जागा मात्र त्यात कुठेच नसे. हौशी लोकांनी पुढे या गाळण्यांना नायट्रेटचा कारखाना असे नाव ठेवले.

वास्तविक खरा मार्ग त्याच्या पाव शतक आधी एका आशियाई माणसाने दाखवून ठेवला होता. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली लिहिले, की समुद्रातले जिवंत खडक पेटीत ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, दुसरे काही नको. समुद्र जवळ असलेल्या माणसाचा तो सल्ला युरोप-अमेरिकेतल्यांना भोळा वाटला. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी जिवंत खडक आणि दणकट स्किमर अशी जोडी जमवली, मोनाकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून पाहिली, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी शेवाळाच्या गादीवरून पाणी वाहवले. प्रत्येकाची वाट वेगळी, पण जे सूत्र हाती आले ते एकच होते: आत येणाऱ्या नत्राला बाहेर जायचे दार हवे.

आमच्या पेटीखालच्या टाकीत आम्ही शेवाळाचे दार उघडले. केटोमॉर्फा नावाचे हिरव्या दोऱ्याच्या गुंत्यासारखे दिसणारे शेवाळ तिथे ठेवून रात्री दिवा लावायचा. ते नत्र आणि स्फुरद खाऊन वाढते. दर पंधरा दिवसांनी मूठभर उपटून काढायचे. न काढता तसेच ठेवले तर ते सडून घेतलेले सगळे परत देते. ठेव मोडून रक्कम हाती घेईपर्यंत व्यवहार पुरा होत नाही, तसेच हे.

भाच्याने जर्मनीहून आणखी एक उपाय कळवला, तो ऐकून घरात जरा खळबळ झाली. पाण्यात थेंब-थेंब व्होडका घालायची. चेष्टा नाही; ही रीत तिकडे रुळलेली आहे. दारूतला कार्बन मिळाला की पाण्यातले जिवाणू बेसुमार वाढतात, वाढताना नत्र आणि स्फुरद अंगात घेतात, आणि स्किमर त्या जिवाणूंना फेसाबरोबर बाहेर काढतो. मात्रा अगदी बारीक, दर १०० लिटरला दिवसाला एकदशांश मिलिलिटरपासून सुरुवात. घाई केली तर पाणी दुधाळ होते, जिवाणू सगळा प्राणवायू ओढून घेतात आणि मासे सकाळी वर तरंगताना दिसतात. महाराष्ट्रात कायद्याने दारू बाळगायला परवाना लागतो आणि तो प्रकृतीच्या कारणासाठी मिळतो. माशांच्या प्रकृतीचा त्यात विचार केलेला नसावा. श्रावण पाळणाऱ्या घरात ती बाटली येणे शक्यच नव्हते. व्होडकाऐवजी साधे व्हिनेगर चालते, फक्त आठपट लागते. पण आकडे उतरत असताना आणखी एक दार उघडण्याची गरज पडली नाही.

इथे एक धोका सांगितला पाहिजे, कारण तो कष्टाळू माणसालाच गाठतो. आकडा उतरू लागला की शून्याचा मोह होतो. पण शैवालालाही नत्र लागतेच. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपलेल्या पेटीत प्रवाळे फिकी पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे जीव सगळे व्यापून टाकतात. ते घालवणे नायट्रेट घालवण्यापेक्षा जड. शिवाय दोघांचा तोल असावा लागतो. समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांत नत्र आणि स्फुरद यांचे प्रमाण अणूंच्या संख्येत १६ला १ असते, हे आल्फ्रेड रेडफील्ड यांनी मांडले. आणि २०१३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्रयोगाने दाखवले, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट टंचाईचे अशा पाण्यात प्रवाळ उष्णता आणि उजेडापुढे लवकर हार मानून पांढरे पडते. मऊ प्रवाळांच्या पेटीत ५ ते १० हा आकडा समाधानाचा. त्याखाली जायची धडपड करू नये.

ताईच्या कालनिर्णयात मेअखेर २० लिहिले गेले. आकडा उतरत होता, कोरल मात्र मिटलेलेच होते. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पाठीवरून पातळ कातडे सुटू लागले, आणि ताईने मला घाबरून बोलावले. लेदर कोरल अशी कात टाकते. वरचा मेणचट थर शेवाळासकट सोडून देते. सुटलेले कातडे वाहून जावे म्हणून मी पंपाचे तोंड जरा त्याच्याकडे वळवले. ते जगेल की जाईल हे मला सांगता येत नव्हते आणि मी सांगितलेही नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात थाळीच्या एका कडेला बोटभर रुंदीत फुलोरे उघडले. गणपतीपर्यंत सगळी पाठ फुलली. त्या रविवारचा आकडा ८ होता. कागदावरच्या अंदाजापेक्षा थोडा कमी, तो शेवाळाने खाल्लेला फरक.

हे सगळे करताना एक प्रश्न मात्र मनातून गेला नाही. दर रविवारी बादलीतून जे ६० लिटर पाणी आम्ही न्हाणीघरात ओतत होतो त्यातले नायट्रेट कुठे गेले? गटारातून खाडीला आणि खाडीतून समुद्राला. पाणी बदलणे म्हणजे कर्ज फेडणे नव्हे, ते दुसऱ्याच्या खात्यावर वर्ग करणे आहे. एका पेटीचे ते किती, मूठभर. पण शहराचे सांडपाणी आणि शेतातून वाहून आलेले खत यांचा हिशेब त्याच कागदावर मांडता येतो.

हवाई बेटांतल्या कानेओहे उपसागराची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून त्या उपसागरात सांडपाणी सोडले जात होते. वस्ती वाढली तसे पाणी हिरवट झाले आणि फुग्यांसारख्या दिसणाऱ्या एका हिरव्या शेवाळाने प्रवाळांना गिळायला सुरुवात केली. १९७७-७८मध्ये मोठी नळवाहिनी घालून ते सांडपाणी उपसागराबाहेरच्या खोल समुद्रात सोडण्यात आले. पाणी महिन्यांत निवळले. शेवाळ बरेचसे हटले, पण काही ठिकाणी पुढे कितीतरी वर्षे चिवटपणे टिकून राहिले. तळाच्या गाळात मुरलेले नत्र हळूहळू वर येत राहते, आणि त्या उपसागराला दर रविवारी पाणी बदलून देणारे कोणी नसते.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. मालवणच्या किनाऱ्याला प्रवाळे आहेत. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरही थोडी आहेत, सागरी रस्त्याच्या कामापूर्वी ती उचलून दुसरीकडे लावावी लागली. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे एक बुडालेले पठार आहे, त्याला अँग्रिया बँक म्हणतात. तिथे पाणी स्वच्छ आणि प्रवाळे दाट आहेत. साऱ्या आयुष्यात एवढ्या बँका पाहिल्या, पण किनाऱ्यापासून लांब असणे हेच जिचे भांडवल अशी ही एकच.

पेटीतून दर पंधरवड्याला निघणाऱ्या शेवाळाचे काय करायचे हेही ताईनेच ठरवले. गोड्या पाण्यात दोनदा भिजत घालून त्याचे मीठ काढायचे, वाळवायचे आणि गॅलरीतल्या मोगऱ्याच्या मातीत मिसळायचे. नर्सरीवाल्याकडून ती पूर्वी खताची पुडी आणत असे, त्यावरही नत्राचा आकडा असायचाच. भाचा या डिसेंबरात येणार आहे. त्याच्या आवडीचे काय काय करायचे याची यादी तिने आतापासून केली आहे. ती लांबलचक आहे, आणि त्याबाबत तिला कोणी हिशेब सांगितलेला चालणार नाही.